पेढीवरील संगणक कण्हू लागतो तेव्हा

चांदीचे रुपये चलनात होते त्या काळी पेढीवर बसणारा व्यापारी रुपया आधी दगडावर टाकून त्याचा नाद ऐकत असे. नाद खणखणीत असला तर रुपया गल्ल्यात जाई. बद्द वाजला तर आल्या वाटेने परत फिरे. भुसारी दुकानदार ज्वारीची मूठ हातात खळखळवून तिच्यातील ओल ओळखतो. माठ घेताना गृहिणी त्यावर टिचकी मारते. कानाने पारख करण्याची ही विद्या व्यापारी घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आज पेढीवर लाल कापडी बांधणीच्या वहीच्या जागी संगणक आला. तरी ही विद्या कालबाह्य झालेली नाही. उलट तिची गरज अधिकच वाढली आहे.

अक्कलकोटच्या बाजारपेठेतील एखाद्या भुसारी पेढीचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. मार्चचा शेवटचा आठवडा आहे. बाहेर ऊन तापले आहे. तुरीच्या पोत्यांची चढउतार चालू आहे. गुरुवार असल्यामुळे वटवृक्ष मंदिराकडे जाणाऱ्या भाविकांची वर्दळ आहे, आणि गिऱ्हाइकांचे मराठी व कानडी बोल एकमेकांत मिसळत आहेत. कोपऱ्यातील टेबलाखाली ठेवलेला संगणक आठ दिवसांपासून घरघरतो आहे. आज त्यातून मधूनच ‘टक्, टक्, टक्’ असा आवाज येऊ लागला आहे.

नातू म्हणतो, “आजोबा, हा डबा आता जुना झाला. वर्षअखेर उरकली की नवा घेऊ. तोवर चालतोय तसा चालू द्या.”

आजोबा विचारतात, “नवा घेशील रे बाळ, पण गेल्या सहा वर्षांच्या वह्या कुठे आहेत?”

नातू क्षणभर गप्प होतो. त्या सर्व वह्या त्याच डब्यात असतात.

अशी पेढी केवळ कल्पनेतील नाही. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला आणि लहान गावांतील दुकानांतही संगणक अपरिहार्य झाला. या कायद्याप्रमाणे त्या त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवावे लागतात. म्हणजे टेबलाखालील पेटीत केवळ चालू वर्षाचा जमाखर्च नसतो. मागील कित्येक वर्षांची साक्ष असते. म्हणून संगणकातून अनोळखी आवाज येऊ लागला की पहिला प्रश्न ‘यंत्राला काय झाले’ हा नसून ‘वह्या सुरक्षित आहेत काय’ हा असला पाहिजे.

आधी वह्या, मग यंत्र

जुन्या पेढीची रीत आठवून पाहावी. व्यवहार आधी कच्च्या वहीत टिपला जाई, तेथून रोजमेळात आणि रोजमेळातून खतावणीत जाई. एखादी वही वाळवीने खाल्ली तरी दुसरीवरून ती पुन्हा उभी करता येत असे. संगणकाने लेखनाचा शीण वाचवला, पण ही दुहेरी-तिहेरी नोंद मात्र गुपचूप नाहीशी केली. ती पुन्हा उभी करणे हे पेढीच्या मालकाचेच काम आहे.

संगणकाचे जाणकार यासाठी ‘तीन-दोन-एक’ असा सोपा नियम सांगतात. हिशेबाच्या तीन प्रती असाव्यात. त्या किमान दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि एक प्रत दुकानाबाहेर, घरी किंवा इंटरनेटवरील साठ्यात असावी. संगणकाला कायम जोडून ठेवलेला पेनड्राइव्ह ही वेगळी प्रत समजू नये. विजेचा एकच झटका दोन्ही निकामी करू शकतो. टॅलीमध्ये बॅकअप घेण्याची आणि तो पुन्हा उतरवण्याची सोय असते. घेतलेली प्रत महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत म्हणजे न मोजलेली थैली होय.

आवाज कोठून येतो?

प्रती घेऊन झाल्यावर आवाजाचा शोध घ्यावा. भरबाजारात हे साधणार नाही. सकाळी शटर अर्धे उघडून, दुकानातील छताचा पंखा व रेडिओ बंद करून दोन मिनिटे शांतपणे ऐकावे.

१८१६ साली पॅरिसमध्ये रेने लाएनेक या वैद्याने कागदाची गुंडाळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि तीतून स्टेथोस्कोपचा जन्म झाला. हाच उपाय येथेही चालतो. जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाची सुरळी करून तिचे एक टोक कानाला लावावे आणि दुसरे टोक बंद पेटीच्या बाहेरून पुढे, मागे व बाजूला फिरवावे. आवाज कोठे ठळक होतो ते चटकन कळते.

या तपासणीत पुष्कळदा असे आढळते की दोष संगणकात नसतोच. वीज गेल्यावर दर काही सेकंदांनी येणारी ‘टीं’ ही यूपीएसची असते. ती वीज असतानाही येऊ लागली किंवा वीज जाताच दोन मिनिटांत अखंड वाजू लागली, तर बॅटरी थकली असे समजावे. सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. तापमान सुमारे १० अंशांनी वाढले की अशा शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. म्हणून यूपीएस उन्हाच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. विजेचा दाब खालीवर झाला की स्टॅबिलायझरमधून ‘खट्’ असा आवाज येतो. तो त्यातील रिलेचा असून स्वाभाविक आहे. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्यामुळे ट्रान्सफॉर्मरमधून १०० आवर्तनांची मंद गुणगुण येते. तीही निरुपद्रवी असते.

कधी पेटीच थरथरत असते. तिच्या पत्र्यावर तळहात ठेवताच आवाज थांबला, तर सैल झालेला स्क्रू घट्ट करावा किंवा डुगडुगणाऱ्या पायाखाली रबराचा तुकडा ठेवावा. एवढ्यावर काम भागते.

घरघर, टकटक आणि शिट्टी

ज्या पेटीला बाजारात सर्रास ‘सीपीयू’ म्हणतात, तिच्यात साधारणपणे दोन-तीन पंखे असतात: एक प्रोसेसरवर, एक वीजपुरवठ्याच्या डब्यात आणि बहुधा एक मागील बाजूस. घरघर किंवा खरखर बहुतेक वेळा यांचीच असते. भुसारी दुकानात धान्याचा कोंडा, मसाल्याच्या दुकानात मिरचीची पूड, कापडाच्या दुकानात तंतू आणि पूजासाहित्याच्या दुकानात धूप-उदबत्तीची काजळी पात्यांवर बसते. पात्यांचा तोल बिघडतो आणि पंखा घरघरतो.

या घरघरीतही भेद आहेत. सकाळी सुरू करताच आवाज मोठा असेल आणि थोड्या वेळाने कमी होत असेल, तर पंख्याच्या बेअरिंगमधील वंगण आटले असण्याचा संभव असतो. उलट दुपारी काम वाढल्यावर आवाज चढत असेल, तर धुळीने वारा कोंडला आहे आणि उष्णता बाहेर टाकण्यासाठी पंखा जोराने फिरतो आहे, असे समजावे. ठरावीक तालात ‘तड्-तड्’ होत असेल, तर एखादी वायर पात्याला घासत असते. यंत्र पूर्ण बंद करून, प्लग काढून, पंखा बोटाने हलकेच फिरवावा. निरोगी पंखा काही फेरे घेऊन अलगद थांबतो. आजारी पंखा अडखळतो. नवा पंखा काही शे रुपयांत येतो. तेवढ्यासाठी संपूर्ण संगणक टाकून देणे हे अपरिग्रहाला धरून नाही आणि व्यापारालाही धरून नाही. मात्र पंख्याकडे दुर्लक्ष करणेही महागात पडते, कारण फार तापलेला प्रोसेसर आधी मंदावतो आणि मग स्वतःला वाचवण्यासाठी ऐन कामात यंत्र बंद करतो.

संगणक सुरू होताना ऐकू येणारी एकच लहान ‘बीप’ बहुधा ‘सर्व ठीक आहे’ असे सांगते. अनेक बीप येत असतील तर किती लांब व किती आखूड, हे कागदावर टिपून तंत्रज्ञाला सांगावे. बनावटीनुसार त्यांचे अर्थ बदलतात. पुष्कळदा तक्रार मेमरीची किंवा पडद्याच्या जोडणीची असते. बारीक, किडा किर्र करावा तशी शिट्टी वीजपुरवठ्यातील तारेच्या वेटोळ्यांच्या कंपनाने होते. ती कर्कश वाटली तरी सहसा धोक्याची नसते. मात्र ‘चट्-चट्’ आवाजाबरोबर जळका वास आला, तर क्षणाचाही विलंब न लावता भिंतीवरील बटण बंद करावे. वीजपुरवठ्याचा डबा घरी कधीही उघडू नये. त्यात सुमारे ३२५ व्होल्टपर्यंतचा भार साठतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो.

उरली ती ‘टक्, टक्, टक्’. ही सर्वांत गंभीर समजावी. हार्ड डिस्कमध्ये आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात. पेढीवरील संगणकात त्या बहुधा मिनिटाला ७,२०० म्हणजे सेकंदाला १२० फेरे घेतात. अक्षरे वाचणारे टोक त्यांच्यावर अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असते. मनुष्याचा केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे येथे धुळीचा कणही पर्वताएवढा का ठरतो ते उमगते. काम करताना होणारी हलकी कुरकुर आणि बंद होताना येणारा एखादा ‘टक्’ हे नेहमीचे आहे. परंतु ठरावीक अंतराने येणारी टकटक म्हणजे ते टोक आपली जागा शोधते आहे, चुकते आहे, मागे फिरते आहे आणि पुन्हा शोधते आहे.

अशा वेळी यंत्र अजून वाचत असेल तर इतर सर्व कामे थांबवावीत आणि फक्त हिशेबाचा फोल्डर दुसऱ्या साधनावर घ्यावा. गाणी व छायाचित्रे नंतर. त्यानंतर यंत्र बंद करावे. ‘एकदा सुरू करून पाहू’ असे पुन्हापुन्हा करू नये, डिस्क दुरुस्त करणारा प्रोग्राम चालवू नये, कारण थकलेल्या डिस्कवर तो अधिकच ताण टाकतो. कोणी डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला देतात. त्याने आत दव धरून उरलीसुरली आशा जाते. खरवडल्यासारखा आवाज असेल किंवा डिस्क दिसतच नसेल, तर ती न उघडता माहिती परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेकडे सोपवावी. तेथील खर्च मोठा असतो. नव्या डिस्कच्या कितीतरी पट. वेळेवर घेतलेली प्रत किती स्वस्त असते, हे तेथे गेल्यावर कळते.

आवाजाची वाट पाहत बसणेही शहाणपणाचे नाही. गूगल कंपनीच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद स्वतः ठेवत असते. तरीही निकामी झालेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कांच्या त्या नोंदीत, तापमान वगळता, बिघाडाची एकही खूण आढळली नव्हती. आणि हल्ली येणाऱ्या एसएसडीमध्ये तर फिरणारा भागच नसतो. ती बोलत नाही आणि जाताना टकटकही करत नाही. टकटकणारी जुनी डिस्क निदान हाक तरी मारते.

झाकण उघडण्यापूर्वी

पंख्याची धूळ काढण्यासाठी पेटी उघडावी लागते. येथे जैन घराने इतरांहून थोडे अधिक सावध असावे. पाच समितींपैकी चौथी आदान-निक्षेपण समिती होय. वस्तू उचलताना व ठेवताना आधी पाहावे, हलकेच प्रमार्जन करावे आणि मगच हात लावावा, असा तिचा आशय आहे. मुनी-आर्यिका पिच्छीने आणि साधु-साध्वी ओघ्याने हे पाळतात. श्रावकानेही यथाशक्ती ते पाळावे. संगणकाची पेटी उबदार, अंधारी आणि मागून उघडी असते. पाल, झुरळ, मुंग्या आणि कोळी यांना ती घरासारखी वाटते. रात्री येणारी मंद ‘खुडखुड’ यंत्राची नसून एखाद्या जीवाची असू शकते.

९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क टू’ या संगणकाच्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला. तेथील मंडळींनी तो नोंदवहीत चिकटपट्टीने लावला आणि ‘बग’ प्रत्यक्ष सापडल्याची गमतीची टीप लिहिली. दोष या अर्थी तो शब्द अभियंत्यांत आधीपासूनच रूढ होता. या प्रसंगाने तो जगभर पोचला. जग हा किस्सा हसून सांगते. जैन वाचकाला मात्र त्या नोंदवहीत एक चतुरिंद्रिय जीवही दिसावा. त्याच्या मरणाने यंत्रही थांबले होते, हे विसरता येत नाही. जीवाची जपणूक आणि यंत्राची जपणूक येथे एकच ठरते.

म्हणून यंत्र बंद करून प्लग काढावा आणि पेटी दिवसाच्या उजेडात उघडावी. आधी नीट पाहावे. पाल किंवा मुंग्या दिसल्या तर पेटी थोडा वेळ उघडी ठेवून त्यांना वाट द्यावी, किंवा कागदावर घेऊन सुरक्षित जागी सोडावे. मग मऊ, कोरड्या ब्रशाने धूळ काढावी. ब्लोअर वापरायचा असेल तर तो त्यानंतर, आणि पाते बोटाने धरूनच. वाऱ्याने भरधाव फिरलेला पंखा खराब होतो. कीटकनाशकाचा फवारा मारू नये. त्यात जीवांची हानी आहे आणि सर्किटचीही. पेटीच्या मागील रिकाम्या फटींवर पत्र्याची पट्टी बसवावी. गुळाची भेली, साखरेचे पोते किंवा खाण्याचे डबे जवळ ठेवू नयेत. पेटी जमिनीपासून व भिंतीपासून वीतभर दूर असावी. धुळीसाठी कापड घालायचे ते यंत्र बंद होऊन निवल्यावर. चालू यंत्रावर घातलेले कापड त्याचा श्वास कोंडते. चातुर्मासात जीवांची उत्पत्ती अधिक असते, म्हणून ही साफसफाई पावसाळ्यापूर्वी एकदा आणि दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी एकदा करावी. वीरनिर्वाणाच्या त्या मंगल दिवसांत नव्या वहीला कुंकू लावताना संगणकातील हिशेबाची ताजी प्रतही वहीशेजारी ठेवावी.

वहीत कोणाकोणाचा पैसा असतो

पुन्हा त्या पेढीकडे वळू या. आजोबांनी गिऱ्हाईक थोडे थांबवले. नातवाने टॅली बंद करून हिशेबाचा फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला. डिस्क मध्येच अडली, पुन्हा चालली, शेवटी प्रत पूर्ण झाली. ती शेजारच्या दुकानातील संगणकावर उघडून पाहिली. मग यंत्र बंद केले. तंत्रज्ञाने दुसऱ्या दिवशी नवी डिस्क बसवली आणि घरघरणारा पंखाही बदलला. “पेटी अजून चार वर्षे चालेल,” असे तो म्हणाला.

संध्याकाळी नातू म्हणाला, “आजोबा, आपले सहा वर्षांचे हिशेब वाचले.”

आजोबा म्हणाले, “आपले एवढेच नाहीत रे. शेतकऱ्याची हिशेबपट्टी त्यात आहे. हमालांची हमाली आहे. दिवाणजींची उचल आहे. कुणी भरवशावर ठेवलेली रक्कम आहे. त्यांनी कधी आपल्याकडे कागद मागितला नाही. आपल्या वहीवर विश्वास ठेवला.”

व्यापाऱ्याची वही ही एकट्या व्यापाऱ्याची नसते, हे त्या बोलण्याचे सार आहे. ती हरवली तर कर अधिकाऱ्याला उत्तर देणे अवघड होते, हे खरे. पण ज्या गरिबाचा आकडा केवळ तिच्यातच लिहिलेला आहे, त्याला उत्तर देणे त्याहून अवघड होते. निष्काळजीपणाने पुसला गेलेला दुसऱ्याचा आकडा अचौर्यव्रताला कितपत मानवेल, याचा विचार प्रत्येक पेढीने करावा. संगणक कण्हू लागला की तो दुरुस्तीचा खर्च मागतो असे वाटते. वास्तविक तो वेळ असताना सावध करत असतो. ती हाक ऐकण्यासाठी अभियंता व्हावे लागत नाही. रुपयाचा नाद ऐकणारा पूर्वजांचा कान आणि झाकण उचलण्यापूर्वी एकदा थांबणारा हात एवढे पुरे आहे.